पातीचा वाफा आणि नाशिकचे रघुनाथराव

कंपू, लश्कर, ग्वाल्हेर
६ नोव्हेंबर २०२४

दिनकरा,

तुझं पत्र मिळालं. ओळीवर ओळ चढलेली, वेलांट्या भलतीकडेच. वाचायला उषाला बसवावं लागलं. एवढी घाई कसली होती? पत्र लिहायचं हे तूच ठरवलंस. माझं कानातलं मशीन फोन जवळ आणला की शिट्टी मारतं आणि मला फक्त 'हॅलो' तेवढं कळतं, हे खरं आहे. पण लिहायचंच तर नीट लिही. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलास, पोरांच्या वह्या अक्षरासाठी परत केल्यास, ते विसरलास?

तुझं घर व्यवस्थित आहे. दर दोन-चार दिवसांनी मी कुलूप उघडून खिडक्या उघडतो. मागच्या अंगणातल्या वाफ्यात दिवाळीच्या आधीच छोटे कांदे लावले, इंदुवहिनी लावायच्या तसेच, शेंडा वर ठेवून. आता हिरवी पात बोटभर वर आली आहे. वहिनींचा वाफा आहे म्हणून मी त्याच्यात काही कमी पडू देत नाही. सकाळी एक बालदी, संध्याकाळी एक बालदी. बाजूवाला दौलतसिंह भिंतीवरून डोकावून म्हणाला, "दादा, पानी कम दो. प्याज है, मछली थोड़ी है." त्याला म्हटलं, तू तुझे गुलाब सांभाळ.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्राचं दुसरं पान सगळंच्या सगळं कोणा रघुनाथरावांनी भरलं आहे. ते खालच्या मजल्यावर राहतात. ते सकाळी तुला फिरायला नेतात. त्यांच्याकडेही पातीचा कांदा आहे, आणि तो म्हणे हातभर उंच. वाहवा. नाशिकला जाऊन जेमतेम दीड महिना झाला, तेवढ्यात फिरायला सोबत पण मिळाली? इथे मी रोज कंपूच्या चौकापर्यंत ये म्हणायचो तर तुझे गुडघे दुखायचे.

प्रांजलीला आशीर्वाद. मुलीच्या घरी राहतो आहेस, तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नकोस.

तुझा
मुकुंद


नाशिक
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मुकुंदा,

दोनदा बालदी? अरे, दौलतसिंहाचं ऐक. कांद्याची मुळं वरवरची असतात, पाणी साचलं की खालून कुजतात. माती वाळली की मगच पाणी घालायचं. हे मला इंदूने सांगितलं होतं, आणि परवा रघुनाथरावांनीही तेच सांगितलं. वाफ्यात चुलीतली राख टाकायची असंही ते म्हणाले.

रघुनाथराव माणूस फार मोठा. पोस्टात होते, आता एकटेच असतात. आवाज असा की वर्तमानपत्र वाचायला लागले की ऐकत राहावं. गच्चीवर त्यांनी जुन्या टबांत पात लावली आहे. काल त्यांनी स्वतः कापून आणली आणि प्रांजलीने पीठ पेरून भाजी केली. मी तीन पोळ्या खाल्ल्या. त्यांचा स्वभाव शांत. कधी आवाज चढत नाही, कोणाच्या बोलण्यात मध्ये पडत नाहीत, आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात. असा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला.

तू कसा आहेस? मागचं पत्र छान लांबलचक होतं. असंच लिहीत जा.

तुझा
दिनकर


ग्वाल्हेर
२५ नोव्हेंबर २०२४

दिनकरा,

असा माणूस तुला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला. ठीक आहे. मग मी कोण होतो? तुझं लग्न ठरलं तेव्हा वऱ्हाडाचं सामान रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून, माझ्या नोकरीच्या जागेवरून, रात्रपाळी करून कोणी सोडवलं? इंदुवहिनींना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा बाहेरच्या बाकावर तुझ्या शेजारी कोण बसून होतं? तेव्हा रघुनाथराव कुठे पोस्टाचे शिक्के मारत होते?

मी मध्ये बोलतो, मान्य. मला ऐकूच येत नाही तर समोरच्याचं संपलं की नाही हे कळणार कसं?

आणि तुझं अक्षर एकदम सुधारलं. मोत्यासारखं. ही पण रघुनाथरावांचीच संगत का? चांगलं आहे. आता त्यांच्यासारखा आवाजही काढ.

वाफ्याची काळजी करू नकोस. वाफा मस्त आहे. पात इतकी दाट झाली आहे की खालची माती दिसत नाही. राख-बीख टाकायची काही गरज नाही. त्यांना सांग, ग्वाल्हेरची माती आणि नाशिकचा टब यांत फरक असतो. टबात कोणीही कांदा उगवतो. टबात तर आमच्या इथली कबुतरंसुद्धा संसार करतात.

पातीचा झुणका इंदुवहिनी करायच्या तसा कोणी करत नाही, हे लक्षात ठेव. उषाला जमत नाही आणि प्रांजलीलाही जमायचा नाही. तीन पोळ्या खाल्ल्यास ते भूक लागली म्हणून.

संक्रांतीला येणार आहेस ना? थंडी वाढली आहे, सकाळी समोरचं घर दिसत नाही. तुझी रजई उन्हात घालून ठेवतो.

मुकुंद


नाशिक
५ डिसेंबर २०२४

प्रिय मुकुंदा,

संक्रांतीला जमेल असं वाटत नाही. इथे जरा कामं आहेत. प्रांजलीलाही रजा नाही. रघुनाथराव म्हणतात की थंडीत एवढा प्रवास नको, आणि त्यांचं म्हणणं मला पटलं.

वाफा दाट झाला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू. इंदू गेल्यावर मला त्या घरात राहवत नव्हतं, पण तो वाफा डोळ्यांसमोरून जात नाही. एक फोटो काढून प्रांजलीच्या फोनवर पाठव. रघुनाथरावांनाही बघायची उत्सुकता आहे. ते म्हणाले, "ग्वाल्हेरची पात बघू तरी."

आम्ही आता संध्याकाळीही फिरायला जातो.

दिनकर


ग्वाल्हेर
१४ डिसेंबर २०२४

दिनकरा,

फोटो पाठवला आहे. बघितलास ना? आणि दाखवलास त्यांना? बघ म्हणावं ग्वाल्हेरची पात. सरळ, हिरवीगार, एकसारख्या उंचीची. असली पात नाशिकच्या गच्चीवर येणार नाही.

तू येत नाहीस त्याचं मला काही वाटत नाही. पण हे ठरवणारे रघुनाथराव कोण? मी म्हटलं की प्रवास कर तर गुडघे, ते म्हणाले की करू नको तर लगेच पटलं. दिनकरा, एकट्या माणसाला सोबत लागते म्हणून तो तुला धरून ठेवतो आहे. असले लोक मी पार्सल ऑफिसात पुष्कळ बघितले. गोड बोलतात, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात, आणि दुसऱ्याचं पार्सल आपल्या नावावर करून घेऊन जातात. कोणी आपलं उरलं नाही तर दुसऱ्याचं माणूस ओढायचं, ही काय रीत झाली?

संध्याकाळीही फिरायला जाता. जा. खुशाल जा. मी चौकापर्यंत एकटाच जातो आणि एकटाच परत येतो.

हे पत्र त्यांना दाखवलंस तरी चालेल. मी कोणाला भीत नाही.

मुकुंद

ता. क. भाऊजी, मी उषा. ह्यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून चार शब्द लिहिते. वर जे लिहिलंय ते मनावर घेऊ नका. जेवताना दोन वेळा तुमचं नाव घेतात आणि दोन्ही वेळा चिडतात. तब्येत जपा. प्रांजलीने मला फोनवर सांगितलं ते मी तुमच्या शब्दाखातर ह्यांना सांगितलेलं नाही, पण फार दिवस मला हे जमणार नाही.


नाशिक
३ जानेवारी २०२५

मा. मुकुंदराव यांना,

मी रघुनाथ. ज्याच्याबद्दल तुम्ही लिहिता तोच. दिनकररावांना न सांगता हे पत्र लिहितो आहे. असं आधी कधी केलं नाही, म्हणून दोन दिवस विचार करून लिहायला बसलो.

दिनकररावांना दिसत नाही. काचबिंदू आहे. ग्वाल्हेर सोडलं तेव्हाच डाव्या डोळ्याने दिसणं जवळजवळ बंद झालं होतं, प्रांजली त्यांना इथे घेऊन आली ती त्यासाठीच. दिवाळीनंतर उजवाही गेला. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डॉक्टरांनी सांगितलं आहे की गेलं ते परत यायचं नाही. ओळीवर ओळ चढलेलं ते पत्र त्यांनी स्वतः लिहिलेलं शेवटचं. त्यानंतरची सगळी माझ्या हातची. ते सांगायचे, मी लिहायचो. तुमची पत्रंही मीच वाचून दाखवतो. सगळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

होय, पार्सलचा भागही वाचला. तिथे मी जरा थांबलो. दिनकरराव म्हणाले, "थांबलात का? माझ्याबद्दल आहे की तुमच्याबद्दल?" मी म्हटलं, माझ्याबद्दल. म्हणाले, "मग मोठ्याने वाचा." आणि इतके हसले की प्रांजली आतून बाहेर आली.

माझी ती स्तुतीही मलाच लिहावी लागायची. हात अडायचा. मी म्हणायचो, अहो, हे बरं दिसत नाही, आणि खरंही नाही. ते म्हणायचे, "लिहा हो. मुकुंदा खुशाल असला की चार ओळी लिहितो. जळला की दोन पानं लिहितो. मला दोन पानं हवी आहेत." डोळ्यांचं तुम्हाला का सांगत नाही, हेही मी विचारलं. त्यावर म्हणाले, "इथे मला सांभाळून घेणारे पुष्कळ आहेत. माझ्याशी भांडणारा एकच उरला आहे. त्याला कळलं तर तोही सांभाळून घ्यायला लागेल."

फोटो मी बघितला. पात एकसारख्या उंचीची होती, मुळं धुतलेली पांढरी, आणि मधल्या जुडीला बाजारातला दोरा तसाच होता. दिनकररावांनी विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, हिरवीगार आहे. ते खोटं नव्हतं. ते बराच वेळ तो फोन हातात धरून बसले होते.

आता माझंही एक ऐका. तुम्ही लिहिलंत की कोणी आपलं उरलं नाही म्हणून मी दुसऱ्याचं माणूस ओढतो. तसं असेलही. बायको गेली, मुलगा फोन करतो पण कामापुरता. आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवली, मला कोणी इतक्या रागाने कधी पत्र लिहिलं नाही. तुमचं पाकीट आलं की दिनकरराव दोन-तीन दिवस ग्वाल्हेरमध्येच असतात. मी शेजारून चालत असतो आणि ते तुमच्याशी बोलत असतात. त्या दिवसांत मला तुमचा हेवा वाटतो, मुकुंदराव. चांगलाच वाटतो.

वाफ्याचं काय झालं ते तुम्हीच त्यांना सांगा. मी सांगणार नाही. आणि डोळ्यांचं तुम्हाला कळलं आहे हे मात्र त्यांना लवकर कळू द्या. सारखं लपवून ते थकले आहेत.

आपला
रघुनाथ


ग्वाल्हेर
१० जानेवारी २०२५

रघुनाथराव,

पत्र मिळालं. वाचून झाल्यावर मी उषाला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "होतं." मी मशीन काढून ठेवलं आणि दिवसभर कोणाचंच काही ऐकलं नाही.

तुमची माफी मागायला हवी, ते मला कळतं. पण खरं सांगतो, वाचताना सगळ्यात आधी आला तो राग. त्याचे डोळे गेले आणि ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत. त्याला जिना उतरवायला हात लागतो आणि तो हात तुमचा. ही कसली जळफळ म्हणायची? आंधळ्या माणसाची काठी व्हायला मिळालं नाही म्हणून कोणी जळतं का? मी जळलो. दुपारी त्याच्या घरात जाऊन बसलो तेव्हा रडू आलं. ते नंतर.

वाफा कुजला. पाणी जास्त झालं. तुम्ही बरोबर होतात, दौलतसिंह बरोबर होता, इंदुवहिनी तर बरोबर होत्याच. आधी शेंडे पिवळे पडले, मग पात लोळली. उपटून बघितलं तर खाली लगदा. जुड्या छत्री मंडीच्या भाजीबाजारातून आणल्या आणि चिखलात खोचल्या. दोरा राहिला तो माझ्या चष्म्यामुळे.

खालचं त्याला वाचून दाखवा. इथून पुढचं त्याच्यासाठी आहे.

दिनकरा, नालायका. मला कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. तुला वाटलं मी सांभाळून घेईन? तुला? तू माझ्याशी खोटं बोललास, कामं आहेत म्हणालास, रजा नाही म्हणालास, आणि त्या भल्या माणसाच्या हातून त्याचीच स्तुती लिहून घेतलीस. लाज वाटायला हवी. आणि वाफा मी मारला. इंदुवहिनींचा वाफा मी पाणी घालून घालून मारला आणि तुला मंडीतल्या जुड्यांचा फोटो पाठवला. आता दोघंही सारखेच खोटारडे झालो. मला भांडायचं आहे आणि ते पत्रात होणार नाही. तू इकडे ये. तुला दिसत नाही, मला ऐकू येत नाही, बघू कोण कोणाला हरवतो.

मुकुंद


नाशिक
१९ जानेवारी २०२५

मुकुंदा,

रघुनाथरावांनी वाचलं. 'नालायका' हा शब्द त्यांनी फार हळू आवाजात वाचला. मी परत वाचायला लावला.

वाफ्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? रात्री जेवलो नाही. मग वाटलं, दोनदा बालदी भरून कोणी उगाच घालत नाही. प्रांजलीला रजा मिळते आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती मला सोडायला येईल आणि महिन्याने न्यायला येईल. रघुनाथरावांना म्हटलं, तुम्हीही चला. ते नको म्हणाले. गच्चीवरच्या टबांना पाणी कोण घालणार, असं म्हणाले. मला कारण पटलं नाही, पण मी वाद घातला नाही. तू त्यांना विचार.

दिनकर


ग्वाल्हेर
४ मार्च २०२५

रघुनाथराव,

उद्या प्रांजली त्याला घेऊन निघते आहे. त्याआधी हे तुमच्या हाती पडणार नाही म्हणून प्रांजलीला सांगितलं आहे की याचा फोटो काढून तुमच्या फोनवर पाठव. कागदही तिच्याजवळ देतो. पत्र ते पत्रच.

तुम्ही आला नाहीत ते का, हे मला कळलं. इथे तुम्हाला माझ्यामागून चालावं लागलं असतं. मीही आलो नसतो.

महिना कसा गेला ते लिहितो. पहिल्या दिवशी तो त्याच्या घराच्या पायऱ्या न चुकता चढला आणि आत गेल्यावर खुर्चीला अडखळला, कारण ती मी हलवली होती. मी धावलो. तो ओरडला, "धरू नको!" मीही ओरडलो, "मग पड!" उषा दारात उभी राहून हसत होती, मग एकदम आत निघून गेली. बोलताना तो माझ्या कानाशी येऊन बोलतो आणि मी त्याचा हात धरून, जिथे जे आहे तिथे तो टेकवतो. कंपूच्या चौकापर्यंत रोज जातो. लोक बघतात. दौलतसिंह म्हणाला, "दादा, दोनों मिलके एक आदमी पूरा बन जाते हो." मला ऐकू आलं नाही, दिनकरने सांगितलं.

वाफ्यात उषाने जानेवारीतच टोपलीतले मोड आलेले कांदे लावले होते. मला पाण्याच्या बालदीला हात लावायची मनाई होती. आता पात आली आहे. फार दाट नाही, वीतभर. दिनकर रोज सकाळी वाफ्याशी बसतो, बोटांनी चाचपून गवत काढतो. एकदा गवत समजून पात उपटली. मी काही बोललो नाही. तो म्हणाला, "बोल ना." मग बोललो.

काल उषाने झुणका केला. इंदुवहिनींसारखा झाला नाही. दिनकरने एक घास खाल्ला आणि म्हणाला, "मीठ बरोबर आहे." एवढंच. पण ताट स्वच्छ केलं. मी त्याला विचारलं, "इथेच राहा ना. तुझं घर आहे, आम्ही आहोत." त्याने चाचपून ताट बाजूला सारलं. मग माझ्या कानाशी आला. "मुकुंदा, तुझं वय पंच्याहत्तर, उषावहिनींचं सत्तर. मला धरताना तू पडलास तर मला दिसणारही नाही. प्रांजली तिकडे आहे. आणि खाली रघुनाथराव आहेत." तुमचं नाव त्याने असं घेतलं, जसं माणूस आपल्या घराचा पत्ता सांगतो.

तर रघुनाथराव, त्या वेळी मला काय वाटलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्हाला ते चांगलं माहीत आहे. इथे महिनाभर तो मला तुमचंच सांगत होता. तुम्ही वाचताना कुठे थांबता, चहा बशीत कसा ओतता, हवामानाच्या बातमीला कसे चिडता. माझ्या कानाशी, माझ्याच मशीनमध्ये. महिनाभर मी ऐकून घेतलं. शेवटी मीही समोरच्याचं पूर्ण ऐकायला शिकलो, पण कोणाबद्दल बघा.

आता कामाचं. गाडी पंजाब मेल, ती बरेचदा उशिरा येते. प्रांजलीच्या दोन्ही हातांत सामान असेल, म्हणून तुम्ही स्टेशनवर जा. डब्याच्या दाराशी त्याला घाई करू नका, पाय टाकायच्या आधी तो एकदा पायरी चाचपतो. चढताना तो रागावतो, उतरताना घाबरतो. घाबरला की मोठ्याने भूगोल बोलायला लागतो, कुठली नदी कुठून निघते वगैरे. बोलू द्या. हात धरायला जाऊ नका, त्याला आवडत नाही. शेजारी उभं राहून नुसता खांदा पुढे करायचा, मग तो आपोआप धरतो. हे मला या महिन्यात कळलं. तुम्हाला आधीपासून ठाऊक असेल तर कृपा करून मला तसं लिहू नका.

पातीची एक जुडी प्रांजलीजवळ डब्यात दिली आहे, वाफ्यातली, खरी. ती तुमच्यासाठी आहे. दोरा मीच बांधला.

उतरल्यावर, महिनाभराच्या सवयीने, माझा समजून त्याने तुमचा खांदा धरला, तर धरू द्या. सांगू नका.

मुकुंद